सूत्रधाराने फासा का टाकावा?

ज्याच्या हाती कथेची सर्व सूत्रे आहेत, ज्याला अडविणारा कोणी नाही आणि जाब विचारण्याचा अखत्यारही कोणास नाही, अशा कर्त्याने पुढे काय घडावे याचा निर्णय आपण होऊन एका निर्जीव फाशावर सोपवावा, ही गोष्ट प्रथमदर्शनी विचित्र, किंबहुना कर्तृत्वाला कमीपणा आणणारी वाटते. सृष्टीच्या कर्त्याविषयी हा प्रश्न दर्शनकारांनी पुष्कळ चर्चिला. परंतु एखाद्या संध्याकाळी चार स्नेह्यांसह बैठक मांडून त्याचे उत्तर प्रत्यक्ष अजमावून पाहता यावे, अशी सोय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील एका खेळाने करून दिली, आणि करमणुकीच्या सदरात मोडणाऱ्या त्या खेळाकडे आपल्याकडील विचारवंतांचे लक्ष फारसे गेले नाही, याचे मला नवल वाटत आले आहे.

विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावातून १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने बाहेर पडला. या खेळात पटाची आवश्यकता नाही आणि शेवटी कोणी जिंकत अथवा हरत नाही. प्रत्येक खेळगडी एका कल्पित पात्राचा वेष मनाने धारण करतो. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी देवाचा सेवक. आणि उरलेला एक जण, ज्याला त्या खेळाच्या परिभाषेत ‘डंजन मास्टर’ म्हणतात व आपण सूत्रधार म्हणू, तो त्यांच्याभोवतीचे जग, त्यातील भुयारे, वने, राजे, चोर आणि राक्षस या सर्वांचा मुखत्यार असतो. आपले पात्र काय करते हे गड्याने सांगावे आणि त्यातून काय निष्पन्न झाले ते सूत्रधाराने सांगावे, असा हा संवादरूप व्यवहार तासन् तास चालतो.

या सर्वाधिकाऱ्यावर मूळ पुस्तिकांनीच एक चमत्कारिक बंधन घातलेले आहे. पात्रे भुयारात हिंडत असता कल्पित काळाची दर दहा मिनिटे सरली की सूत्रधाराने साधा सहा बाजूंचा फासा टाकावा, आणि सहाचे दान पडले तर कोणी भटका राक्षस वाटेत आडवा आला असे समजावे. तो कोण, हे तक्त्यावरून ठरवावयाचे. किती जण आहेत आणि किती अंतरावर दिसले, हेही फाशानेच. हिशेब करून पाहिला तर या नियमाचे मर्म ध्यानी येते. दर वेळी संकट टळण्याची शक्यता सहांत पाच; म्हणजे तासाभरात सहा वेळा फासा पडल्यावर एकही गाठ न पडता निभावून जाण्याची शक्यता जेमतेम एक तृतीयांश उरते. त्या खेळात धनसंचय राक्षसाच्या बिळात असावयाचा, वाटेवर भेटणाऱ्याच्या अंगावर बहुधा नसावयाचा. त्यामुळे अशा आकस्मिक गाठीत लाभ थोडा आणि जिवाची हानी मोठी. जो गट प्रत्येक भिंत ठोठावीत, प्रत्येक दारापाशी वाद घालीत रेंगाळतो, त्याच्या वाट्याला फासे अधिक येतात. सूत्रधार कोणावर रागावलेला नसतो, आणि तरीही दिरंगाईची किंमत वसूल होते. यदृच्छा अंध असली तरी तिला किती वेळा पाचारण करावयाचे हे मनुष्याच्या आचरणावर अवलंबून ठेवले की तिच्यातून एक प्रकारचा न्याय उत्पन्न होतो, ही या नियमाची पहिली शिकवण होय.

तक्त्यांचे खरे सामर्थ्य मात्र आयत्या वेळी रचलेल्या साहसात प्रकट होते. समजा, तीन-चार स्नेही अवचित जमले आहेत, सूत्रधाराने कथानक योजलेले नाही, नकाशा काढलेला नाही, आणि जवळ आहेत ते केवळ दोन-तीन तक्ते व मूठभर फासे. पात्रे एका अरण्यमार्गाने निघाली आहेत. पहिल्या फाशाने सांगितले की लुटारूंची टोळी भेटते. हे उत्तर रानातल्या वाटेला शोभेसेच आहे, आणि सूत्रधार स्वतःच्या बुद्धीने चालला असता तर पुढची ओळही त्याच्या जिभेवर तयार होती: लुटारू शस्त्रे उपसून तुटून पडतात. पण आलेल्याची वृत्ती कशी आहे हे ठरविण्यासाठी दोन फासे एकदम टाकावयाचे असतात. ते टाकले आणि दोहोंवर सहा-सहा पडून बेरीज बारा झाली. टॉम मोल्डव्हे याने १९८१ साली संपादिलेल्या नियमपुस्तिकेप्रमाणे बारा म्हणजे उत्साहपूर्ण मैत्री. लुटारू हर्षभराने सामोरे येत आहेत! आता सूत्रधाराला थांबून विचार करणे प्राप्त आहे. त्यांचा नायक मरणोन्मुख असून या प्रवाशांत कोणी वैद्य दिसल्याचा हा आनंद असेल काय? की रानात त्यांच्याहूनही क्रूर असे काही शिरले असून माणसाचे तोंड पाहूनच त्यांना धीर आला आहे? की प्रवाशांपैकी एकाला त्यांनी आपला पूर्वीचा धनी मानले आहे? यांतील कोणतेही कारण पत्करले तरी त्यामागे एक संपूर्ण कथा उभी राहते, आणि ती क्षणापूर्वी जमलेल्यांपैकी कोणाच्याही मनात नव्हती.

आपल्या शास्त्रकारांनी अशा योगाला काकतालीय न्याय म्हटले आहे. कावळा बसण्याची आणि ताडाचे फळ पडण्याची कारणे निरनिराळी आहेत. दोहोंची गाठ पडली यात तिसरे कारण शोधणे व्यर्थ, हा त्या न्यायाचा अभिप्राय. ॲरिस्टॉटलनेही आपल्या भौतिकीत, बाजारात अन्य कामासाठी गेलेल्या मनुष्याला तेथे त्याचा ऋणको भेटावा, या उदाहरणाने यदृच्छेचे हेच स्वरूप वर्णिले आहे. तक्त्यावरील खेळात मात्र त्या न्यायाचा प्रवाह उलटा वाहतो. येथे कावळा आणि फळ यांची गाठ आधी घालून दिली जाते, आणि ‘या दोहोंना जोडणारे तिसरे कारण सांग’ असे फर्मान सूत्रधारावर सुटते. जगात जे अनुमान भ्रामक ठरले असते तेच येथे निर्मितीचे साधन होते, कारण कल्पित जगात कारण सापडत नसून ते सांगितल्याने अस्तित्वात येते.

यातून मनुष्याच्या कल्पकतेविषयी एक अप्रिय सत्य हाती लागते. आपण समजतो की मन मोकळे सोडले म्हणजे ते स्वैर विहार करील. प्रत्यक्षात ते रुळलेल्या वाटेनेच चालते. लुटारू म्हटले की हल्ला, वृद्ध म्हटला की उपदेश, राजकन्या म्हटली की अपहरण, हे आपल्या स्वातंत्र्याचे कर्तृत्व नसून संस्कारांचे आहे. फासा या संस्कारांना ओळखीत नाही, म्हणून तो त्यांना मोडू शकतो. सूत्रधार आपले स्वातंत्र्य फाशाला विकतो असा जो आक्षेप घेतला जातो, त्याचे उत्तर येथे आहे: त्याने जे सोडून दिले ते बहुतांशी स्वातंत्र्य नव्हतेच.

त्याच वृत्तितक्त्यात आणखी एक सूक्ष्म विचार दडलेला आहे. दोन फाशांच्या छत्तीस जोडांपैकी दोनची बेरीज एकाच जोडाने होते आणि बाराचीही एकाच. म्हणजे तत्काळ हल्ला आणि उत्कट मैत्री ही दोन्ही टोके सारखीच दुर्मिळ. सहा, सात व आठ या बेरजा मिळून सोळा जोड व्यापतात, आणि त्यांच्यासमोर तक्त्यात लिहिले आहे की समोरच्याची वृत्ती अनिश्चित आहे. अपरिचितांच्या भेटीत शत्रुत्वही ठरलेले नसते व मित्रत्वही नसते, आणि त्या संदिग्ध अवकाशातच भाषणाला, नजराण्याला, युक्तीला व सौजन्याला वाव असतो, हे मनुष्यव्यवहाराविषयीचे एक गंभीर प्रमेय त्या रुक्ष आकड्यांनी मांडले आहे. राक्षसालाही बोलण्याची संधी देणारा हा तक्ता, ज्या कथांत राक्षस केवळ मारला जाण्यासाठी अवतरतो त्यांच्यापेक्षा अधिक सुसंस्कृत आहे असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही.

फ्रेंच विचारवंत रॉजे काय्वा याने १९५८ च्या आपल्या ग्रंथात खेळांचे स्पर्धा, यदृच्छा, अनुकरण आणि भोवंड असे चार प्रकार कल्पिले, व त्यांपैकी यदृच्छा आणि अनुकरण यांचा संयोग स्वभावतःच असंभाव्य ठरविला. कारण जो दैवाला कौल विचारतो त्याने सोंग घेऊन काय साधणार, दैव काही फसावयाचे नाही, असा त्याचा तर्क होता. पुढे सोळा वर्षांतच या खेळाने नेमका तोच संयोग घडवून दाखविला. त्या तर्कात एक गोष्ट गृहीत धरली होती: यदृच्छेपुढे मनुष्य केवळ निकाल ऐकण्यासाठी उभा राहतो. निकालाला उत्तर देण्यासाठीही तो उभा राहू शकतो, आणि उत्तर द्यावयाचे तर कोणीतरी होऊनच द्यावे लागते, हा पक्ष काय्वाच्या दृष्टीतून निसटला.

आपल्या परंपरेत यदृच्छेपुढे उभे राहण्याच्या अन्य रीती आहेत, आणि त्यांच्याशी तुलना केल्याने या रीतीचे वेगळेपण स्पष्ट होते. कोकणात व गोव्यात देवाला कौल लावतात तेव्हा मूर्तीला चिकटविलेली पाकळी उजवीकडून पडली की डावीकडून, यात भक्ताला आकस्मिकता दिसतच नाही. तेथे देवता बोलते आणि भक्त ऐकतो. ज्याचे कर्तृत्व परंपरेने ज्ञानदेवांकडे दिले आहे त्या मोक्षपटावर कवड्यांचे दान सोंगटीला कधी सद्गुणाच्या शिडीवर चढविते, कधी दुर्गुणाच्या सर्पमुखी देते. तेथे यदृच्छा उपदेशिकेचे काम करते, पण खेळणाऱ्याला निवड अशी कोणतीच नाही, दान पडेल तसे चालावयाचे. भेटींच्या तक्त्यामागे बोलणारी देवता नाही आणि त्याच्या ओळींतून कोणता उपदेशही पाझरत नाही. तो केवळ प्रसंग हजर करतो. लाकूड पोखरणाऱ्या घुणाने कोरलेल्या रेषांत अक्षर दिसावे तसा त्या प्रसंगाचा अर्थ वाचणाऱ्याने वाचावयाचा असतो, आणि येथे वाचणारे एकाहून अधिक असल्यामुळे तो सर्वांच्या संमतीने, वादविवादाने, एकमेकांच्या चुका सांभाळीत वाचला जातो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात असा पूर्वपक्ष उपस्थित केला आहे की, ईश्वराने देवांना सुखी, पशूंना दुःखी आणि मनुष्यांना मध्यम अवस्थेत निर्मिले असेल तर त्याच्यावर वैषम्याचा, म्हणजे पक्षपाताचा, आणि नैर्घृण्याचा, म्हणजे निर्दयतेचा दोष येतो. शंकराचार्य उत्तर देतात की ईश्वर प्राण्यांच्या कर्माची अपेक्षा ठेवून सृष्टी करतो; पर्जन्य जसा भात आणि यव या सर्वांना साधारण कारण असतो व त्यांच्यातील भेद ज्याच्या त्याच्या बीजामुळे होतो, तसे हे आहे. आमच्या सूत्रधारावर हेच दोन दोष रोज येऊ शकतात, आणि त्याला तर त्यांचा धसका अधिक असावा, कारण त्याच्यासमोर बसलेले जीव त्याच्याच स्नेह्यांपैकी असून घरी जाताना तोंडावर बोलून दाखविण्यास समर्थ आहेत. ‘माझ्यावरच राक्षस का सोडलास?’ या प्रश्नाला ज्याने राक्षस मनाने योजला त्याच्याजवळ खरे उत्तर नसते. ज्याने उघड्यावर फासा टाकला तो पर्जन्यासारखा साधारण कारण झाला. रात्री उघड्या माळावर मुक्काम करण्याचा किंवा भुयारात मोठ्याने भांडण्याचा निर्णय गड्यांचा होता.

परंतु हे साम्य एका मर्यादेपलीकडे ताणता येत नाही, आणि ती मर्यादा लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सृष्टीच्या आरंभी कर्मच नव्हते, मग पहिले वैषम्य कोठून आले, या शंकेला वेदान्त्यांचे उत्तर तयार आहे: संसार अनादि आहे. खेळ अनादि नाही. तो अमुक दिवशी दिवेलागणीला सुरू झाला, आणि मूळ नियमांप्रमाणे प्रत्येक पात्राचे बळ, बुद्धी, शहाणपण, चिवटपणा, चपळाई व प्रभाव हे सहा गुण तीन-तीन फाशांच्या बेरजेने ठरले. एकाला अठरा मिळाले, दुसऱ्याला पाच. यामागे कोणाचेही पूर्वसंचित नाही. श्वेताश्वतर उपनिषदाच्या आरंभी जगत्कारण म्हणून काल, स्वभाव, नियती, यदृच्छा अशी नावे विचारार्थ घेऊन पुढे ती अपुरी ठरविली आहेत. या छोट्या विश्वात मात्र त्यांतील यदृच्छेला जन्मवैषम्यापुरती खरोखरीच गादी मिळाली आहे. आणि नवल असे की, दुबळे पात्र हाती आलेल्या गड्याला त्यात अन्याय भासण्याऐवजी पुष्कळदा एक विलक्षण मोकळेपणा जाणवतो. हे दौर्बल्य कोणत्याही पापाचे फळ नाही, म्हणून त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. ते केवळ आरंभस्थान आहे. कर्मसिद्धान्ताने दुःखाला अर्थ दिला, पण त्याबरोबर दुःखिताच्या माथी अपराधही मारला. यदृच्छा अर्थ देत नाही, पण दोषही देत नाही. यांपैकी अधिक सांत्वन कशात आहे याचा निवाडा ज्याने त्याने करावा.

तथापि यदृच्छेची स्तुती करता करता एका पळवाटेकडे दुर्लक्ष होण्याचा संभव आहे. ‘मी काही केले नाही, फाशाने केले’ असे म्हणणारा सूत्रधार अर्धसत्य बोलतो. तक्ता आकाशातून पडलेला नसतो. बारा ओळींत कोणाची नावे घालावयाची, भुयाराच्या पहिल्या मजल्यावर अस्वलाहून भयंकर काही नसावे की असावे, वाटेवर केवळ श्वापदे भेटावीत की यात्रेकरू, भाट आणि हरवलेली मुलेही भेटावीत, हे सर्व कोणीतरी शुद्धीवर राहून लिहिलेले असते. ज्या तक्त्यात भेटणारा प्रत्येक जण वैरी आहे तो लिहिणाऱ्याने जगाविषयी आपले मत नोंदवूनच ठेवले. नंतर पडणारा फासा त्या मताची केवळ बजावणी करतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव अशी पाच कारणे सांगून केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याची दृष्टी सदोष ठरविली आहे. त्या विचाराची दुसरी बाजूही तितकीच खरी मानली पाहिजे: दैव पाचांतील एक आहे, त्यामुळे केवळ दैवालाच कर्ता समजणाराही नीट पाहत नाही.

याच ठिकाणी या खेळातील सर्वांत नाजूक नीतिप्रश्न उभा राहतो. सूत्रधार पडद्याआड फासा टाकतो. दान असे पडते की ज्या पात्राला गड्याने महिनोन् महिने जिवापाड सांभाळले ते मरणार. पडदा आहे, कोणी पाहिलेले नाही. त्याने आकडा बदलून सांगावा काय? १९७९ च्या आपल्या सूत्रधार-ग्रंथात खुद्द गायगॅक्सने फाशाचा निकाल बाजूस सारण्याची मुभा सूत्रधाराला दिली आहे, पण मुभा दिली म्हणून प्रश्न सुटत नाही. करुणेने खोटे बोललेले दान एकदा खपले की यापुढील प्रत्येक विजयाखाली संशयाची रेघ ओढली जाते. जगलो तो पराक्रमाने की कृपेने, हे गड्याला कळण्याचा मार्ग उरत नाही. कौरवसभेतील द्यूत अधर्म्य ठरले ते फासे निर्दय होते म्हणून नव्हे, तर ते एकाच्या इच्छेचे दास असून स्वतंत्र असल्याचे सोंग करीत होते म्हणून. कनवाळू शकुनी हाही शकुनीच. याउलट नलोपाख्यानात ऋतुपर्णाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचे आणि संख्येचे रहस्य, प्राप्त होताच नलाच्या देहातून कली बाहेर पडतो. फाशांचे गणित कळलेला मनुष्य त्यांच्या झपाटण्यातून सुटतो, आणि जिंकल्यावर प्रतिस्पर्धी पुष्कराला क्षमा करण्याइतका शांतही राहतो.

म्हणून दयेची जागा फासा पडण्यापूर्वी आहे. आपल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात दोन उमेदवारांना समसमान मते पडल्यास चिठ्ठीने निकाल लावण्याची तजवीज आहे, आणि ईश्वरचिठ्ठी म्हणून आपण ओळखतो तो प्रकार हरलेलाही मानतो. कारण एकाला दुसऱ्यावर वरचढ ठरविणारे प्रत्येक न्याय्य कारण तेथे संपलेले असते, आणि चिठ्ठी उचलण्यापूर्वीच कोणतेही नाव निघाले तरी चालेल हे कायद्याने कबूल केलेले असते. सूत्रधारालाही हाच जाबता लागू आहे. ज्या प्रसंगाचा निर्णय विवेकाने करता येतो तेथे त्याने फाशाआड लपू नये. निकालांपैकी एखादा आपल्याला वा समोरच्यांना असह्य होणार असेल तर तो तक्त्यातच लिहू नये. आणि एकदा तक्ता मान्य करून फासा टाकला की जे पडेल ते सर्वांसमक्ष रुजू करून घ्यावे. तक्ता लिहिताना, फासा टाकण्याची वेळ ठरविताना आणि पडलेल्या दानाचा अर्थ लावताना, असा तीन ठिकाणी त्याचा हात लागलेला असतो. मधला तो एक क्षण, ज्यात फासा गडगडतो, तेवढाच काय तो यदृच्छेचा.

मग सर्वसमर्थाने फासा का टाकावा? एवढ्यासाठी की, ज्याला पुढचे सर्व ठाऊक आहे तो इतरांशी बोलू शकतो पण त्यांच्याबरोबर राहू शकत नाही. लुटारू का हसत आले हे सूत्रधारालाही ठाऊक नसते तेव्हाच ‘कोण आहात तुम्ही?’ हा गड्याचा प्रश्न खरा प्रश्न होतो, आणि त्याचे उत्तर देणारा त्याच क्षणी ते शोधीत असतो. कर्तेपणाचा हा संकोच म्हणजे संन्यास नव्हे. तो सहवासाचा करार आहे, आणि त्या करारात यदृच्छा ही साक्षीदार म्हणून सही करते, पक्षकार म्हणून नव्हे. तिच्या नावावर कोणतीही जबाबदारी खर्ची टाकता येत नाही. कोण भेटावे हे तिने ठरवावे. भेटलेल्याशी कसे वागावे याचा हिशेब मनुष्याच्याच खाती राहतो.